पुढच्या गणपतीला घर उभं राहील का?

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीत राहणारं जोडपं, गाव रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत. आजोबांचं मातीच्या भिंतींचं कौलारू घर आता राहण्याजोगं उरलेलं नाही. ते उतरवून त्याच जागी अकराशे चौरस फुटांचं नवं घर बांधायचंय आणि २०२६ चा गणपती त्यात आणायचाय. मुंबईत घरबांधणीच्या वस्तूंचं प्रदर्शन बघून त्यांनी पाच गोष्टींची यादी केलीय: एएसी ब्लॉक (हलक्या, छिद्राळ काँक्रीटचे), कृत्रिम वाळू, कौलासारखा दिसणारा रंगीत पत्रा, यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या) खिडक्या आणि छतावरचं सोलर. यातलं कोकणात काय टिकेल, आणि २०२५ च्या दिवाळीनंतर सुरुवात केली तर वेळेत होईल का?

मी सव्वीस वर्षं याच पट्ट्यात लोकांना घरं बांधून देतोय. माझं उत्तर: घर होईल, रंग होणार नाही. तेवढं मान्य असेल तर पुढे वाचा.

वस्तूंची यादी जरा बाजूला ठेवा आणि आधी पंचांग काढा. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे गणपती लांबलेत, १४ सप्टेंबरला आहेत. यंदा, २०२५ ला, २७ ऑगस्टला होते. तुम्हाला वाटलं असेल अठरा दिवस जास्तीचे मिळाले. माझ्या हिशेबात एकही मिळाला नाही, कारण ते सगळे पावसातले दिवस आहेत. उलट अडचण वाढलीय ती वास्तुशांतीची. अधिकात कुणी करत नाही, आणि २५ जुलैला आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो. म्हणजे एक तर १७ मेच्या आत उरका, नाहीतर मग जूनचा उत्तरार्ध ते जुलैचा तिसरा आठवडा, ऐन धुवांधार पावसात. मुंबईची भावकी गावात असते मे महिन्यात. तेव्हा तारीख आपोआप ठरली: १५ मेला घरावर छप्पर, दाराला कडी, चुलीवर दूध.

पाऊस सात जूनला येतो हे डोक्यातून काढून टाका. यंदा २५ मेलाच मोसमी पाऊस देवगडात पोचला होता, आणि त्याच्या आधीच अवकाळीने झोडपायला सुरुवात केली होती. माझ्या दोन साइट उघड्या सापडल्या. एका घराच्या मागच्या भिंतीचा गिलावा आदल्या संध्याकाळी केलेला, सकाळी बघतो तर अर्धा अंगणात.

आता मागून मोजत या. दिवाळीला आमचे गवंडी विजयपूर-कलबुर्गीकडे आपापल्या गावी जातात, ते पंधरवड्याने परततात. इथले बिगारी तेव्हा भातकापणीत असतात. त्यामुळे तुळशीचं लग्न होईस्तोवर कामाला सुरुवात झाली असं नुसतं म्हणायचं. खरी कुदळ नोव्हेंबरच्या मध्यावर पडते. पाया आणि जोतं डिसेंबरअखेर, भिंती जानेवारीत, स्लॅब २० फेब्रुवारीच्या आत. हा शेवटचा आकडा मी खेचू देत नाही, कारण मार्चच्या सुरुवातीला होळी आहे, आणि रत्नागिरीत शिमगा म्हणजे एका दिवसाचा सण नव्हे. देवीला रूपं (मुखवटे) लागली, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर बसली, घरोघर फिरायला लागली की वाडीतला एक माणूस तुमच्या कामावर येणार नाही, आणि त्याने यावं अशी अपेक्षाही धरू नका. स्लॅब आधी पडला तर शिमग्याचे दिवस पाणी मारण्यात सत्कारणी लागतात. त्याला एक म्हातारा माणूस आणि एक पाइप पुरतो.

शिमग्यावरून एक सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका वाडीत काम चालू होतं. टेम्पो आत जात नव्हता म्हणून पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) तोंडाशी दोन ब्रास खडी ओतून घेतली. पालखी त्याच पाखाडीने वर चढते हे विचारायचं मला सुचलं नाही. आदल्या संध्याकाळी मानकरी आले. बसले, चहा घेतला, आंब्याला मोहोर कसा आहे वगैरे झालं. उठताना खडीकडे बघून म्हणाले, ‘उद्या पालखी कुठून न्यायची तेवढं सांगून ठेवा.’ आवाज चढला नाही, काही नाही. त्या रात्री हॅलोजन लावून आम्ही पाच जणांनी ती खडी घमेल्यांनी वर वाहिली. चारेकशे घमेली झाली असतील, दोन वाजले. दुसऱ्या दिवशी पालखी त्या अर्धवट जोत्यासमोर नाचली आणि मालकीणबाईंनी तिथेच ओटी भरली. तेव्हापासून मी नकाशा हातात घेतला की आधी विचारतो: पालखी कुठून जाते, गुरं कुठून जातात, पावसाचं पाणी कुठून जातं.

तुम्हीही पुढच्या फेरीत हेच करा. भूमिपूजनाआधी ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला आणि त्याच दिवशी शेजारच्या दोन-तीन घरी जाऊन या. जेसीबी आत यायला कुणाचा तरी गडगा (दगडी कुंपण) पाडावा लागणार. पाडायला कुणी नाही म्हणत नाही, पण पेरणीच्या आत तो पुन्हा रचून द्यायचा, नाहीतर गुरं तरव्यात, भाताच्या रोपांत शिरतात आणि मग तुमच्या घराची आठवण वाडी वेगळ्या शब्दांत काढते. गडग्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा. माझ्या अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र ओळ असते.

कागदपत्रं आत्ताच. घरपट्टी आजोबांच्या नावावर असं तुम्ही लिहिलंय, सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते लिहिलेलं नाही. सामाईक जमीन असेल तर सहहिस्सेदारांची संमती लेखी घ्या, काका कितीही चांगले असले तरी. जिल्हा परिषदेच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उरका असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ ला सांगितलं होतं. म्हणजे मध्ये केव्हातरी ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण तोंडात जुनंच बसलंय) निवडणुकीच्या कामाला जुंपले जाणार. तुमची फाइल त्याच्या आत टेबलावरून हललेली बरी.

आता तुमची यादी.

एएसी ब्लॉक वाईट नाही. हलका असतो, सरळ असतो, सहाशे बाय दोनशे मिलिमीटरचा एकेक ब्लॉक लावत गेलं की भिंत पळते. मानकातली किमान ताकद बघितली तर जांभा (आपला तांबडा चिरा) आणि हा ब्लॉक जवळपास सारखेच, चौरस मिलिमीटरला साडेतीन-चार न्यूटनच्या आसपास. तेव्हा मजबुतीचा वाद घालायचं कारण नाही. प्रश्न पाण्याचा आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर तो आडवा मारतो. एएसीच्या अंगात बारीक छिद्रंच छिद्रं, ती पाणी पितात. गिलावा शाबूत आहे तोवर काही होत नाही. पण ब्लॉक आणि काँक्रीटचा खांब जिथे भेटतात तिथे केसाएवढी चीर पडतेच, आणि मग भिंत आतून ओली होत जाते. एका मालकांच्या आग्रहाखातर मी पश्चिमेची भिंत ब्लॉकची केली होती. सांध्यावर जाळी मारायची, ती गवंड्याने दोन ठिकाणी मारली नाही आणि मी बघितलं नाही. दुसऱ्या पावसात कपाट सरकवलं तर मागे बुरशीचा नकाशा. गिलावा फोडून सगळं परत केलं, माझ्या खर्चाने.

म्हणून बाहेरच्या भिंती नऊ इंची चिऱ्याच्या आणि आतल्या आडभिंती चार इंची ब्लॉकच्या. हा मेळ मला सगळ्यात पटतो. तुमच्या नकाशात आत साधारण चाळीस फूट आडभिंत आहे. नऊच्या जागी चार इंच केली की सोळा-सतरा चौरस फूट जागा सुटते, तेवढ्यात देवघर बसतं. एवढं करा की गिझर, टीव्ही, ओट्यावरची कपाटं कुठे येणार हे भिंत बांधायच्या आधी ठरवा आणि तिथे एकेक काँक्रीटचा ठोकळा घाला. एएसीत साधा खिळा धरत नाही, आणि गावच्या घरात खिळ्याला काय काय टांगलं जातं हे मला सांगायला नको.

चिरा मात्र स्वतः खाणीवर जाऊन बघा. हातोडीने ठोकला की खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला किंवा भोकांत पिवळी-पांढरी माती भरलेली दिसली की तो बाजूला. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होतो. त्यामुळे डिसेंबरातच उचलून साइटवर रचून ठेवा, जानेवारीपर्यंत तो तयार होतो. बाहेरून गिलावा नको, नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरून चिरा उघडा ठेवू, असं तुमच्या मिसेसनी लिहिलंय. मला आवडेल. त्यावर मारायला बाजारात दोन जातीची द्रव्यं मिळतात. एक चकचकीत लॅकर, तो वर पापुद्रा धरतो. दुसरं सिलेन-सिलोक्सेनचं पाणी, ते आत मुरतं आणि दिसत नाही. लॅकर पहिल्या दिवशी फोटोत छान येतो, मग आतला ओलावा कोंडतो आणि पापुद्रे सुटतात. मुरणारं घ्या, भिंत पूर्ण वाळल्यावर मारा, आणि चार-पाच वर्षांनी परत एक हात द्यायची तयारी ठेवा.

कृत्रिम वाळूबद्दल इतकं घाबरू नका. २०१० साली उच्च न्यायालयाने वाळूउपशावर बंदी घातली तेव्हापासून आम्ही खडीच्या भुकटीवर शिकत आलोय, आणि २०२५ ला राज्य सरकारने तिच्यासाठी धोरणही आणलं. माझ्या मते तुमच्यासारख्या किनाऱ्याजवळच्या घराला ती खाडीच्या वाळूपेक्षा चांगलीच. खाडीच्या वाळूत मीठ असतं आणि ते सळीला खातं. फसवणूक होते ती वेगळीच. क्रशरखाली उरलेली चपटी, धुळीने भरलेली ग्रिट ‘एम-सँड’ म्हणून येते. मूठ भरून दाबा. मूठ उघडल्यावर तळवा पिठाने माखला तर परत पाठवा. काचेच्या ग्लासात अर्धी वाळू आणि मिठाचं पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर खालच्या वाळूच्या बाराव्या हिश्शाहून जाड दिसला तर काँक्रीटला ती नको. गिलाव्याला चाळलेली बारीक वाळू वेगळी मागवा. एकच वाळू दोन्हीकडे वापरायचा मोह मुकादमाला होतो.

छपरावर जरा थांबतो, कारण इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो.

मंगलोरी कौल मलाही प्रिय आहे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि हे कौल किनाऱ्याकिनाऱ्याने वर आमच्याकडे आलं. आता त्याची दोन दुखणी आहेत. माकडं, आणि कौलं परतणारा माणूस न मिळणं. बंद घरावर वानरांची टोळी एकदा नाचून गेली की पुढच्या मेपर्यंत ओटीवर पाणी. म्हणून लोक कौलाच्या आकाराचा पत्रा घेतात. बरोबर आहे, पण वादळं आठवा. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडाली. पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर घासत गेलं. त्यानंतर महिनाभर मी नुसतं उडालेलं छप्पर बघत हिंडलो. जवळजवळ सगळीकडे कोपरा आणि कड आधी गेलेली, मधला पत्रा जागेवर. वारा पत्र्याला खाली दाबत नाही, वर ओढतो, आणि ही ओढ कडेला सगळ्यात जास्त असते. फॅब्रिकेटर मात्र सगळीकडे सारख्याच अंतरावर स्क्रू मारतो. तुम्ही त्याला सांगा, कडेच्या तीन-चार फुटांत प्रत्येक घडीला स्क्रू.

पत्रा अर्धा मिलिमीटरचा घ्या, अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा मुलामा असलेला, आणि त्यावर ‘एझेड १५०’ लिहिलेलं बघून घ्या. म्हणजे दर चौरस मीटरला दीडशे ग्रॅम मुलामा. प्रदर्शनात रंग दाखवतात, मुलामा विचारावा लागतो. खालची कैची (छपराचा सांगाडा) लाल प्रायमर मारलेल्या साध्या लोखंडाची नको, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपची करा आणि वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर झिंकचा रंग मारून घ्या. गंज सांध्यावरच आधी धरतो.

तुमच्या घराला माझा सल्ला असा. आतल्या खोल्यांवर स्लॅब, त्यावर पत्र्याचं छप्पर, आणि पुढच्या ओटी-पडवीवर जुने वासे नि कौलं. स्लॅबवर पुन्हा पत्रा म्हणजे दुप्पट खर्च वाटेल. पण उघडा सपाट स्लॅब तीन-चार पावसांत ठिबकायला लागला की तो पत्रा तसाही येतोच, फक्त तोवर आतली भिंत आणि मालकाचा मूड खराब झालेला असतो. पडवी खाली आहे, शिडीवर चढून दहा कौलं बदलणं शेजारच्या पोरालाही जमतं.

खिडक्या थोडक्यात. यूपीव्हीसी सडत नाही, वाळवी खात नाही, हे खरं. गंजतं ते त्याचं लोखंड: बिजागऱ्या, स्क्रू, आत घातलेली पट्टी. स्टेनलेस किमान ३०४ दर्जाचं मागा, पश्चिमेला परवडलं तर ३१६. सरकत्या खिडक्या पश्चिमेला अजिबात नकोत. वाऱ्याने रुळातलं पाणी उलट वर चढून आत येतं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, रुळात कारंजं. तिथे बाहेर उघडणाऱ्या रबर-गॅस्केटच्या झडपा आणि वर दोन फुटांचा छज्जा.

सोलर. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान आहे, तीन किलोवॅट किंवा वर गेलात तर एकूण ७८,००० वर थांबतं. विक्रेता तुम्हाला तीनच सुचवणार. पण तुमचं घर वर्षातले दहा महिने बंद. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि रोजची सरासरी चार युनिट मिळतात. गणपती आणि मे सोडले तर तुम्हाला तेवढीही लागणार नाहीत, आणि वर्षअखेरीस उरलेल्या युनिटचा दर किरकोळ मिळतो. एक किलोवॅट पुरे, तेही निवृत्तीनंतर गावी यायचा विचार पक्का असेल तर. आणि हे कुणी सांगत नाही: अनुदानातलं हे साधं सोलर ग्रिडला जोडलेलं असतं, लाइट गेली की तेही बंद पडतं. तशीच रचना असते, तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. गावात लाइट जाते म्हणून सोलर हवं असेल तर बॅटरीवाला इन्व्हर्टर घ्या, तो खर्च वेगळा. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी तो तुमच्या नावावर करून घ्या. आणि माडाची सावली दुपारी कुठे पडते ते यंदा डिसेंबरात बघा, पुढे उपयोगी पडेल.

तुमच्या यादीत नसलेली एक बातमी देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. साडेतीनशेचं पोतं हिशेबाने सत्तावीस रुपयांनी उतरायला हवं. अकराशे फुटांना साधारण साडेचारशे पोती लागतात, म्हणजे बारा हजार सुटले. हे बारा हजार टाइल्समध्ये घालू नका. मी कुठे घालीन ते सांगतो.

समुद्र दोन किलोमीटरवर आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेतलं काँक्रीट किमान एम-३० असावं (एमपुढचा आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त) आणि सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर. आमच्याकडे सर्रास एम-२० पडतं आणि कव्हर म्हणून सळीखाली चिऱ्याचे तुकडे सारतात. पंधरा वर्षांत खांबाचा कोपरा फुगतो, सळी बाहेर येते, मग लोक म्हणतात खारी हवा आहे, काय करणार. एम-३० ला पाण्याचं प्रमाण जपावं लागतं, पन्नास किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटरच्या वर नाही. पंधरा लिटरच्या बादलीने दीड बादली, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मिक्सरवरच्या माणसाला हे काँक्रीट घट्ट वाटतं, तो तुमची नजर चुकवून तांब्या ओततो. तांब्या काढून घ्या आणि प्लॅस्टिसायझर, म्हणजे काँक्रीट सैल करणारं द्रव्य द्या. पोत्यामागे थोडंसं घातलं की तेच काँक्रीट सरकायला लागतं. तुमच्या प्रदर्शनातल्या कुठल्याही स्टॉलपेक्षा हा डबा आणि सिमेंटचे तयार कव्हर ब्लॉक जास्त कामाचे. प्रमाण इंजिनिअरकडून लिहून घ्या. स्लॅबच्या दिवशी घरातलं एक माणूस मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसलं पाहिजे. मोबाइल न बघता.

सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) घ्या, पोत्यावर आठवडा आणि साल छापलेलं असतं ते वाचा, तीन महिन्यांवरचं नको. त्याला किमान दहा दिवस पाणी लागतं, मी चौदा दिवस मारतो. इथे विहिरीचा प्रश्न येतो. सड्यावरच्या (जांभ्याच्या माळावरच्या) विहिरी एप्रिलमध्ये तळ दाखवतात आणि टँकरवाला आंब्याच्या बागांत अडकलेला असतो. फेब्रुवारीचा आग्रह मी शिमग्यासाठी जितका धरतो तितकाच या पाण्यासाठी.

वाळवीचं औषध जोत्याच्या काँक्रीटच्या आधी, चौरस मीटरला पाच लिटर पातळ केलेलं द्रावण. नंतर भोकं पाडून मारायचं म्हणजे दातदुखीवर गालाला मलम. आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास-साठ फूट लांब, तुमच्याच नाही, शेजाऱ्यांच्याही. जांभ्यातून पाणी झिरपतं. उताराच्या वरच्या अंगाला तुम्ही खड्डा खणलात तर खालच्या घरातली विहीर बिघडते. हे भांडण दोन पिढ्या चालतं, मी एक चाललेलं बघतोय.

टाइल्स कुठल्याही घ्या, पण मोठ्या व्हिट्रिफाइड घेतल्यात तर टाइल अ‍ॅडहेसिव्हने लावा. त्या पाणीच पीत नाहीत, त्यामुळे नुसत्या सिमेंटला धरत नाहीत. लावून झाल्यावर नाण्याने कोपरे वाजवत फिरा, पोकळ वाजली ती त्याच दिवशी काढायला लावा.

आता रंगाबद्दल. मेमध्ये केलेला गिलावा पावसाच्या आत पुरता वाळत नाही. त्यावर पुट्टी आणि रंग चढवला की गणपतीत फुगे येतात आणि दिवाळीत पोपडे. तेव्हा आतून नुसता चुना मारा. चुन्यातून भिंत वाळत राहते, आणि मखराच्या मागे पांढरी भिंत चांगलीच दिसते. रंगारी पुढच्या नोव्हेंबरात पाठवतो.

शेवटचं, आणि घाईचं. जुनं घर उतरवायला तुम्ही भंगारवाल्याशी बोलताय असं लिहिलंय. थांबा. फोटोत माजघरावर मला फणसाच्या तुळया दिसतायत, किमान चार, आणि दाराची चौकट बहुतेक किंजळीची आहे. तसं वाळलेलं लाकूड आज कुठल्याही वखारीत मिळणार नाही. परसातला फणस तोडून कापला तरी तो वाळायला एक-दोन उन्हाळे जातात. पडवीचे वासे, देवघराची चौकट, झोपाळ्याची कडीपाटाची तुळई, सगळं त्यातून निघेल. कौलंही निम्मी तरी वाचतील. माणसं लावून हाताने उतरवून घ्या, जेसीबी नको, आणि लाकूड मांगरात (शेतावरच्या खोपटात) जमिनीपासून वर, आडव्या ओंडक्यांवर रचून ठेवा. पुढच्या रविवारी गावी जाताय ना, तर प्रत्येक तुळईची लांबी मोजा, टोकांचे जवळून फोटो काढा. भिंतीत गेलेल्या टोकालाच वाळवी आधी लागते, तेवढं टाचणीने टोचून बघा. टाचणी आत गेली तर फूटभर कापून टाकू, बाकीची वापरू.